टॉवेलातली वाळू

समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलांच्या माहितीपत्रकांइतका निर्लज्ज गद्यप्रकार माझ्या वाचनात दुसरा नाही, आणि माझे वाचन अल्प नाही. गेली तेवीस वर्षे मी एका विमा कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात बसतो. लोक आपल्या पडलेल्या भिंतींविषयी आणि कार्यालय आपल्या न येणाऱ्या जबाबदारीविषयी काय काय लिहू शकते, ते मला रोज डोळ्यांखालून घालावे लागते. तरीही 'किनारा हाकेच्या अंतरावर' या तीन शब्दांत जितके असत्य मावते, तितके आमच्या जाड फायलींतही मावत नाही. हाक कोणी मारायची, वारा कोणत्या दिशेचा धरायचा, मध्ये किती पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांना कठडा आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्यास ही मंडळी बांधील नसतात. याविषयी मी निरनिराळ्या ठिकाणी एकंदर अकरा पत्रे पाठवली. तिघांकडून पोच आली. उत्तर एकाकडूनही नाही.

परंतु येथे सांगायचे आहे ते माझ्या वहिनींविषयी. त्यांनी जन्मात एकही माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलेले नाही.

वहिनी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षे आहेत. कपड्यांच्या घड्या घालायला म्हणून लागल्या आणि आता तिथल्या मुख्य आहेत. धुलाईघर तळघरात आहे. छताला लागून वाफेचे दोन जाड नळ जातात. त्यांच्याखाली माणसाच्या उंचीची धुलाईयंत्रे, पलीकडे चादर एका बाजूने ओली गिळून दुसऱ्या बाजूने कोरडी सोडणारी रोलरची इस्त्री, आणि दाराशी जस्ताचा पत्रा ठोकलेले लांबलचक टेबल. वरून येणारे प्रत्येक गाठोडे आधी या टेबलावर येते. ते सोडण्यापूर्वी वहिनी एकच प्रश्न विचारतात, "कुणाचं?" म्हणजे कोणत्या वॉर्डचे. उत्तर मिळेपर्यंत गाठ सुटत नाही. नव्याने लागलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी हेच शिकवले जाते. गाठोड्याचा मालक कळल्याशिवाय त्यातले काहीही कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मालक कळला की मात्र पुष्कळ कळते. एकदा एका चादरीवरच्या सुरकुत्या पाहून त्यांनी वरच्या मजल्यावर फोन केला होता, "सिस्टर, तुमच्या सात नंबरच्या खाटेवरचा माणूस तीन दिवस कुशीवर वळलेला नाही. बघा जरा." सिस्टरने पाहिले. माणूस खरोखर वळलेला नव्हता आणि त्याच्या पाठीची कातडी सोलवटायला लागली होती. तो वेळेवर बरा झाला. वर्षअखेरीस त्या वॉर्डच्या उत्तम व्यवस्थेबद्दल डॉक्टरांचा सत्कार झाला. मी त्याविषयी दोन पानांचे पत्र तयार केले, पण वहिनींनी ते टपालात टाकू दिले नाही. म्हणाल्या, "भाऊजी, माणूस वळला ना? मग झालं." मला ते 'झालं' आजही पटलेले नाही.

माझा थोरला भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, फरश्या बसवणारा. शहरातल्या किती घरांतल्या न्हाणीघरांना त्याने ढाळ दिला असेल, याची गणती नाही. पाणी कुठे वळवायचे आहे हे पाहून जमिनीला किंचित उतार द्यायचा, पण तो पायाला जाणवू द्यायचा नाही, हे त्याच्या कामाचे मर्म. बोटाएवढी एक पाणसळ त्याच्या खिशात कायम असते. तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट, बाजूला सरकला की उतार. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि दादाची डावी बाजू गेली. हळूहळू हात आला, पायही आला, पण अर्धाच. चार पायांची काठी घेऊन तो या खोलीतून त्या खोलीत जाई, आणि उंबरठा आला की तिथे थांबून राही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी चाकांची खुर्ची लिहून दिली. खुर्ची आली आणि पॅसेजमध्ये उभी राहिली. दादाने तिच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा काढू दिले नाही. येता-जाता तो तिच्याकडे, न बोलावता आलेल्या नातेवाइकाकडे पाहावे तसा पाही. अखेर एके दिवशी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, की कमरेभर पाण्यात शरीराचा निम्मा भार कमी होतो, तुम्ही एखाद्या तलावात चालून पाहा.

"तलाव नको," दादा म्हणाला. "पोहण्याचे तलाव मी बांधलेत. त्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे. समुद्रात चालेन."

आणि मग त्याने आम्हा सगळ्यांसमोर अट घातली. समुद्रात तो आपल्या पायांनी जाईल. काठी काठावर ठेवून, कोणाचा हात न धरता. तसा गेला आणि परत आला, तर ती खुर्ची दुकानदाराकडे परत जाईल. नाही जमले, तर घरी आल्याबरोबर प्लॅस्टिक फाडून मुकाट्याने तीत बसेल आणि त्यानंतर कोणी त्याच्याशी व्यायाम हा शब्द बोलायचा नाही.

"अहो, पण कुठल्या समुद्रात?" वहिनींनी विचारले.

"हातभर लांबीला बोटभर ढाळ. त्याच्या वर मला झेपत नाही. आतापर्यंतचं तेवढं मी मोजलंय." त्याने खरोखरच मोजले होते. माझ्या पुतणीला कामाला लावून पॅसेजमध्ये एक लांब फळी टाकवली होती, तिच्या एका टोकाखाली एकेक पुस्तक वाढवत नेले होते आणि पाय कोणत्या पुस्तकाला थांबतो ते पाहून ठेवले होते. "तेवढ्या ढाळाचा समुद्र शोधा. बाकी मला काही नको."

वहिनींना वर्षातून एकदाच सलग आठ दिवस रजा मिळते. म्हणजे किनारा एकच निवडता येणार होता, आणि तो चुकला तर दुरुस्तीला वेळ नव्हता. एका रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. पुतणीने मोबाइलवर निळेशार फोटो उघडले. मी माझी फाइल उघडली. तीत सोळा ठिकाणांची माहितीपत्रके होती, आणि प्रत्येकामागे त्या ठिकाणाविषयी लोकांनी जाहीरपणे केलेल्या तक्रारींची मी हाताने केलेली नक्कल. तक्रार करणारा माणूस खोटे क्वचितच बोलतो, कारण त्याला त्यातून काही मिळत नाही. हा माझा अनुभव आहे.

"काका, तुम्ही सोळाच्या सोळा बाद केलीत," पुतणी म्हणाली.

"ती बाद होण्याच्याच लायकीची आहेत."

"मग आम्ही कुठं जायचं, तुमच्या ऑफिसात?"

"वकील," दादा मला म्हणाला. कायद्याची पदवी घेऊनही वकिली न केल्याबद्दल त्याने हे नाव मला दिले, त्याला आता पंचवीस वर्षे झाली. "किनारा निवडायचाय. त्याच्यावर खटला भरायचा नाहीये."

वहिनी इतका वेळ शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, माझ्या फाइलीतली वरची तीन पत्रके उचलली आणि मजकुराकडे न पाहता फक्त फोन नंबर पाहिले. "फोटोत वाळू दिसते. कशी आहे ते दिसत नाही," त्या म्हणाल्या. "वाळू कुठं सापडते, सांगू? टॉवेलात. माणूस समुद्रावरून येतो, टॉवेल तिथंच टाकतो, तो थेट धुवायला जातो. मालक फोटो काढतो, पण टॉवेल धुणारा वाळू काढतो. त्यालाच विचारू."

"आणि वाळूवरून ढाळ कसा कळणार?" मी विचारले.

उत्तर दादाने दिले. "बारीक वाळू सपाट पसरते, भरड वाळू चढ करून बसते. कुठल्याही बांधकामावर जाऊन बघ. हिचं बरोबर आहे." आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या संसारात कौतुक याहून मोठ्याने झालेले मी ऐकलेले नाही.

वहिनींनी पहिल्या हॉटेलात फोन लावला आणि स्वागतकक्षातील मुलीला सांगितले, की मला तुमच्या लाँड्रीत जोडून द्या. खोली नको, दर नको, लाँड्री. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. नंतर एक घोगरा आवाज आला.

"टॉवेलांना काय लागून येतं हो?" वहिनींनी विचारले. प्रास्ताविक नाही, ओळख नाही. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला विचारावे तसे.

"डांबर," तो गृहस्थ तत्काळ म्हणाला. "काळे गोळे. बंदर जवळ ना. रॉकेलने पुसतो आम्ही. तुम्ही काय वापरता?"

वहिनींनी त्यांना काय वापरायचे ते सांगितले आणि पत्रक बाजूला ठेवले. दुसरे ठिकाण पुतणीच्या पसंतीचे होते. तिथला माणूस म्हणाला, "वाळू? वाळू नाही येत बाई. खाली कोण उतरतंय? ऐंशी पायऱ्या आहेत. सगळे गच्चीवरच्या तलावात डुंबतात. आमच्याकडे येतं ते अंगाला लावायचं तेल." पुतणीने मोबाइल पालथा ठेवला.

तिसऱ्या हॉटेलातल्या मुलीने थेट जोडून न देता लाँड्रीचा क्रमांक सांगितला. तो मी लिहून घेतला आणि वहिनींनी फिरवला. एका बाईंचा खणखणीत आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

"वाळू येते का म्हणून काय विचारता? वाळूनंच मेले मी. मोरीची जाळी दिवसातून तीनदा काढते."

"बारीक की भरड?"

"बारीक? बाई, पीठ म्हणा, पीठ. टॉवेल झटकून जात नाही, पिळून जात नाही. तळाला साय धरल्यासारखी बसते."

"गोटे, शिंपल्यांचे तुकडे?"

"एक नाही. पाय कापल्याचा रक्ताचा डाग म्हणाल, तर वर्षात पाहिला नाही."

वहिनींनी फोन ठेवला. "हेच," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा घेतल्या. त्या हॉटेलच्या पत्रकात किनाऱ्याच्या उताराविषयी एक अक्षरही नसल्याचे मी निदर्शनास आणले. माझा आक्षेप ऐकून घेण्यात आला. नोंदवून मात्र घेण्यात आला नाही.

निघण्याच्या दिवशी वहिनींनी मला टॅक्सी थांबवायला दहा मिनिटे आधीच खाली पिटाळले आणि दादाला पुतणीबरोबर माझ्या मागोमाग धाडले. त्या स्वतः सर्वांच्या शेवटी, दार दोनदा ओढून पाहून उतरल्या. या अनावश्यक घाईविषयी मी वाटेत बोललोही.

हॉटेल वाईट नव्हते. तळमजल्यावर खोल्या होत्या, उंबरठे नव्हते, आणि मागच्या दारातून थेट किनाऱ्यावर जाता येत होते. आम्ही सामान टाकले आणि चौघे त्या दाराबाहेर पडलो.

समोर वाळू नव्हतीच म्हणावे लागेल. वाटाण्याएवढ्या खड्यांचा एक उंच बांध होता आणि त्याच्या पलीकडे समुद्र खाली, एखाद्या विहिरीत असावा तसा आदळत होता. लाट परतताना खडे खळखळत मागे ओढले जात. एक तरणाबांड माणूस पाण्यातून वर येताना दोनदा गुडघ्यांवर पडलेला आम्ही पाहिला.

दादाने काठीवर भार देऊन खिशातली पाणसळ काढली, पुतणीकडे दिली, आणि पुतणीने वाकून ती खड्यांवर एका पट्टीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. "हा ढाळ नाही," तो म्हणाला. "ही घसरगुंडी आहे." आवाजात राग नव्हता. तो वळला आणि खोलीकडे चालू लागला, आणि मला पॅसेजमधल्या त्या प्लॅस्टिकचा करकर आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

मी वही काढली. माझ्या आयुष्यातील एक उत्कृष्ट तक्रार माझ्या डोळ्यांसमोर परिच्छेदांसह उभी राहत होती, आणि खरे सांगायचे तर त्यात काही समाधानही होते. माझे म्हणणे खरे ठरले होते. खोलीत शिरलो तेवढ्यात वहिनींकडे लक्ष गेले. त्या खाटेच्या कडेला बसून हॉटेलचा टॉवेल उलगडत होत्या. त्यांनी तो हुंगला, उजेडाकडे धरला, बोटांनी त्याची किनार चाचपली. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा लहानसा टाका होता.

"भाऊजी, दोरा कुठं घालतात?" त्यांनी विचारले.

"मला काय कल्पना?"

"आमच्याकडे वॉर्डागणिक वेगळा दोरा असतो. जिथं चार घरचे कपडे एका पाण्यात धुतात तिथं दोरा लागतो. एकाच घरचे असतील तर कशाला कोण टाके घालत बसेल?" त्यांनी टाक्यावरून नख फिरवले. "हा टॉवेल इथं धुतलेला नाही. या हॉटेलात लाँड्रीच नाही. ती बाई बाहेरची. तिच्याकडे चार ठिकाणचे टॉवेल येतात, आणि पीठ यांच्या टॉवेलातलं नव्हतं." मग त्यांनी टॉवेलाची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि म्हणाल्या, "गाठोडं कुणाचं, हे मी विचारलंच नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतेय."

मी वहीतले मागचे पान उलटले. मी स्वतः लिहून घेतलेला तो लाँड्रीचा क्रमांक हॉटेलच्या क्रमांकाशी एकाही अंकात जुळत नव्हता. दुसऱ्याच्या कागदांतली अशी विसंगती मी अर्ध्या मिनिटात शोधून काढतो. ते मी वहिनींना सांगितले.

"मग आपण दोघंही सारखेच," त्या म्हणाल्या. "उठा. पीठ कुठंतरी आहे. कुणाचं आहे एवढंच शोधायचंय."

"तुमची रजा संपेल शोधता शोधता."

"टॉवेल रोज धुतात, भाऊजी. उद्या सकाळी कळेल."

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला आम्ही दोघे त्या लाँड्रीच्या दारात होतो. बसच्या डेपोमागची पत्र्याची शेड, चार यंत्रे, ओल्या कपड्यांचा तो कोमट वास. वहिनींनी आत पाऊल टाकले आणि त्यांची चालच बदलली. फोनवरच्या बाई प्रत्यक्षात फारच लहानखुऱ्या निघाल्या.

"तुमचं पीठ बघायला आले," वहिनी म्हणाल्या.

"अगं बाई, तुम्हीच का त्या? मी म्हटलं, सरकारी तपासणी होती की काय. ह्यांना कशाला आणलंत, हे तपासणीवालेच दिसतात."

"हे आमचे भाऊजी. बघण्यात तसे आहेत, पण निरुपद्रवी."

बाईंनी मोरीवरची जाळी काढून दिली. वहिनींनी तळाशी हात घातला आणि वर काढलेला गाळ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळला, जसे एखादा सोनार सोने कसोटीवर घासतो. खडा लागला नाही. "कुणाचं?" त्यांनी विचारले. त्या एका शब्दात त्यांनी फोनवरची चूक पुसून टाकली, असे मला वाटले.

"हिरवा दोरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक गाठोडे टेबलावर ओढले. आतले टॉवेल हातभरसुद्धा लांब नव्हते. कोपऱ्यांत हिरवे टाके.

"हे मुलांचे आहेत."

"मग? लहान मुलांची पोहायची शाळा आहे, गोदामांच्या मागे. चार-चार, पाच-पाच वर्षांची पिल्लं. पाण्यात चालत चालत जातात, अर्ध्या समुद्रात जातात तरी पाणी कमरेलाच. मोठं माणूस कोण जाईल तिथं? समोर गोदाम, मागे गोदाम, फोटो काढायला जागा नाही."

सोळा पत्रकांत हा किनारा नव्हता. असणारच नव्हता. जिथे विकण्यासारखे काही नाही, त्या जागेचे वर्णन छापण्याची तसदी कोणी घेत नाही.

"आम्हाला जाऊ देतील?" मी विचारले.

"बाहेरच्या माणसाला फाटकातून सोडत नाहीत. पण माझी गाडी नऊला जाते. फाटक तिला उघडतंच." त्यांनी वहिनींकडे पाहिले. "घड्या घालायला हात लावलात तर साडेआठलाच निघेल."

वहिनींनी बाह्या वर सरकवल्या. त्या दोघी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या आणि बोलणे न थांबवता त्यांनी ते अख्खे गाठोडे घडी करून टाकले. मी मोजून दोन टॉवेलांच्या घड्या घातल्या. त्या नंतर उलगडून पुन्हा घालण्यात आल्या.

हॉटेलच्या दारातून दादाला घेतले, तेव्हा तो टेम्पोकडे पाहत म्हणाला, "मला धुवायला नेताय की वाळत घालायला?"

"आधी भिजवायला," वहिनी म्हणाल्या. "बसा."

तो गाठोड्यांच्या मध्ये बसला, पुतणी त्याच्या शेजारी, आणि मी मागे दार धरून. फाटकावर पहारेकऱ्याने आत डोकावून विचारले, "एवढी माणसं?" मी त्याला बाहेरच्यांना मज्जाव करणारा नियम लेखी दाखवण्याची विनंती केली. असा कागद आपल्याकडे नाही, असे तो म्हणाला. तो कोणाकडे असतो, असे मी विचारले. तो विचारात पडला, आणि तेवढ्या वेळात टेम्पो आत गेला. माझ्या शिक्षणाचा घरच्या कार्यात झालेला हा एवढाच उपयोग मी नमूद करून ठेवतो.

गोदामाच्या लांब भिंतीला वळसा घातला आणि समोर किनारा आला. देखणेपण त्याच्यात काहीच नव्हते. राखाडी, ओलसर, टेबलासारखा सपाट. ओहोटी लागली होती आणि दूरवर मुलांची एक रांग दोर धरून उभी होती, तरी पाणी त्यांच्या पोटापर्यंतच होते. पुतणीने पट्टी ठेवली, पट्टीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधल्या खुणेपासून केसभर सरकला आणि स्थिरावला.

"बोटभरही नाही," दादा म्हणाला. तो बराच वेळ त्या बुडबुड्याकडे पाहत राहिला. "इतकी साफ जमीन माणसाच्या हातून होत नाही."

त्याने पँट गुडघ्यांवर दुमडली, पाण्याच्या रेषेवर काठी उभी केली आणि तिच्यावरचा हात सोडला. मी पुढे झालो. वहिनींनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी जागच्या जागी थांबलो.

पहिले पाऊल उजवे. डावे त्याने ओढून आणले आणि वाळूत त्याचा लांब चर उमटला. पुन्हा उजवे. पाणी घोट्याला लागले तेव्हा तो डुलला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. मग डावा पाय आला, या वेळी कमी ओढत. पाणी पोटरीला आले, गुडघ्याला आले आणि चाल हळूहळू बदलली. पाणी त्याचे ओझे घेऊ लागले होते. मांडीभर पाण्यात गेल्यावर डावा पाय उचलला गेला. ओढला नाही, उचलला. दोन वर्षांत मी ते पाहिले नव्हते.

दोराजवळची एक लहानशी मुलगी त्याच्याकडे पाहत होती. दंडावरचा हवेचा फुगा काढून तिने पुढे केला. "आजोबा, हा हवा का? मला आता येतं."

"मलाही येतं वाटतं," दादा म्हणाला. "राहू दे तुला."

कमरेएवढ्या पाण्यात तो थांबला आणि वळला. वळणेच अवघड होते, हे आम्ही पॅसेजमध्ये शंभर वेळा पाहिले होते. त्याने ते चार लहान पावलांत केले, तोंड आमच्याकडे झाले, आणि तो परत चालत आला. शेवटच्या दोन हातांच्या अंतरात पाण्याचा आधार सुटला तेव्हा पाय पुन्हा जड झाला, पण तो काठीपर्यंत पोहोचला. काठी त्याने धरली नाही. तिच्या शेजारी उभा राहिला.

पुतणी रडत होती. वहिनी इतका वेळ हातात एक छोटा, हिरव्या दोऱ्याचा टॉवेल धरून उभ्या होत्या. आता तो त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला. तो जेमतेम एका खांद्याला पुरला.

"ठरल्याप्रमाणे," दादा धापा टाकत म्हणाला, "घरी गेल्यावर पहिलं काम ती खुर्ची परत."

"ती गेली," वहिनी म्हणाल्या.

"कुठं गेली?"

"दुकानात. निघालो त्याच सकाळी. तुम्ही टॅक्सीत बसत होतात, तेव्हा मागच्या जिन्याने त्यांचा माणूस घेऊन गेला. आठ दिवस घर बंद राहणार, पॅसेज धुवायचा होता मला."

म्हणजे खड्यांच्या त्या बांधासमोर दादा पाठ फिरवून खोलीकडे चालला होता, तेव्हा घरी त्याच्यासाठी कोणतीही खुर्ची नव्हती, आणि हे एकट्या वहिनींना ठाऊक होते. तरी त्या टॉवेल उलगडत बसल्या होत्या.

दादाने खांद्यावरचा टॉवेल सावरला. "आणि मी इथं पडलो असतो तर?"

"तर भाऊजींनी तक्रार लिहिली असती," वहिनी म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, त्याच्या डाव्या पायाच्या बोटांमधली वाळू त्यांनी अंगठ्याने काढली, चोळून पाहिली आणि झटकली. "चला, पुन्हा एकदा आत जा. सहा दिवस आहेत अजून."

दादा काठीकडे न पाहता वळला. हॉटेलविरुद्धचे पत्र मी त्याच संध्याकाळी पाठवले. त्याची पोच अद्याप आलेली नाही.